बाजूला झालेली माणसं

महाडच्या बाजारपेठेत चालताना छत्रीचं टोक आपल्या पायाच्या अंगठ्याला टेकलं, की खुशाल समजावं, आपला फोटो निघतोय. छत्री आमच्या घरमालकांची. पेशाने ते वकील. दिवाणी कोर्टात जमिनीचे दावे चालवायचे आणि कोर्ट सुटलं की काळा कोट खांद्यावर टाकून, गळ्यात कॅमेरा अडकवून बाजारात शिरायचे. भर उन्हाळ्यातही लांब दांड्याची छत्री हातात. लोकांना ते विक्षिप्त वाटायचे, आणि होतेच, पण छत्रीचं कारण वेगळं होतं. छत्री आणि पुढे केलेला हात मिळून पाच फूट भरायचे. त्यांच्या जुन्या लेन्सच्या कड्यावर पाच फुटांच्या खुणेशी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. कडं ठिपक्यावर आणि छत्री अंगठ्यावर, की झाला फोकस. मग डोळा लावायचीसुद्धा गरज नाही. छातीशी कॅमेरा धरून ते कोर्टातल्या पट्टेवाल्याने पुकारा करावा तसे ओरडायचे, "हरकत असेल तर आत्ताच बोला!" आणि बटण दाबायचे.

हरकत घेणारे निघायचे, नाही असं नाही. मग छत्री खाली, एक नमस्कार, आणि साहेब पुढे. "नाही म्हणाला तो. विषय संपला," म्हणायचे. वाद घालणं हाच ज्यांचा धंदा, त्यांनी एवढ्या एका बाबतीत कधी वाद घातला नाही. बाकी जगातली एकही गोष्ट त्यांनी वादाशिवाय सोडली नाही.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवायला महाडला आले आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून राहिले. खोली दाखवताना त्यांनी भाड्याचं काही न बोलता माझा फोन मागितला. वॉलपेपरवर माझ्या आईचा फोटो होता. आईचा चेहरा लख्ख, मागचं सगळं छान धूसर.

"बाई, आईच्या मागे काय होतं?"

"माहीत नाही."

"कुठे बसल्या होत्या?"

"घरीच असेल."

"असेल! स्वतःच्या आईचा पत्ता तुम्ही पुसून टाकलात आणि वर भिंतीला लावलात." मग खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "जमिनीच्या दस्तात चतुःसीमा लिहावी लागते. पूर्वेला कोणाचा बांध, पश्चिमेला कोणाची विहीर. ती नसेल तर जमीन हवेत. माणूसही हवेतच."

मला तेव्हा त्यांचा असा राग आला, की दुसरी खोली बघावी की काय असं वाटलं. पण रात्री आईला फोन करून विचारलंच, की त्या दिवशी तुझ्या मागे काय होतं. आई म्हणाली, अगं, तुझ्या बाबांची खुर्ची.

तर ह्या चतुःसीमेपायी त्यांना आजूबाजूचंही सगळं टिपणारी रुंद लेन्स लागायची. अठ्ठावीस मिलिमीटरची, जमलं तर त्याहून रुंद, आणि जुनी, फिल्मच्या जमान्यातली, हाताने कडं फिरवायची. नवी घ्यायची ऐपत नव्हती असं नाही. पण नवी लेन्स स्वतःच सगळं ठरवते, मग मी कशाला बाजारात जाऊ, हा त्यांचा सवाल. कुठे एखादा स्टुडिओ बंद होतोय असं कानावर आलं, की ते समाचाराला गेल्यासारखे जायचे आणि कपाटात विसरलेली, कोणालाच नको असलेली लेन्स पिशवीत घालून परतायचे. "कॅमेरा दुसऱ्या हातचा, लेन्स तिसऱ्या हातची, डोळे तेवढे मूळ मालकाचे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

महाडच्या पावसात भिंतीला बुरशी येते, चपलेला येते, तशी ती लेन्सच्या काचेच्या आतही येते. म्हणून पावसाळाभर लेन्स तांदळाच्या डब्यात, आणि मे महिन्यात गच्चीवर. एका सुपात काकूंची आमसुलं, शेजारच्या सुपात साहेबांच्या लेन्स, आणि कावळे हाकायला दोघं आळीपाळीने. एकदा एका लेन्सने ऊन गोळा करून वाळवणाखालच्या लुगड्याला भोक पाडलं. धुराचा वास आला म्हणून मी वर धावले आणि विज्ञानाची बाई ह्या नात्याने भिंगाचा धडा सांगू लागले. साहेबांनी मला हाताने गप्प केलं. काकू त्यांना विचारत होत्या, "एवढी रुंद रुंद म्हणून मिरवता, मग सगळं ऊन माझ्याच लुगड्यावर का?" साहेब खूश झाले. आपल्याला निरुत्तर करणारं माणूस घरात आहे, ह्याचा त्यांना अभिमान होता.

फोटो कसले काढायचे? रायगड इतका जवळ असून त्यांनी गडाचा एक फोटो काढला नाही. "गडाला अख्खा महाराष्ट्र आहे," म्हणायचे आणि गडाच्या पायथ्याच्या पाचाडला जाऊन खानावळीतल्या भाकऱ्या थापणाऱ्या हातांचे काढून यायचे. पण त्यांची खरी गंमत मला फार उशिरा कळली. आपल्याकडे कोणी फोटो काढताना दिसलं, की माणसं बाजूला होतात. मोटारसायकलवाला ब्रेक मारतो, डोक्यावर पाटी असलेली बाई थबकते, कोणी वाकून जातो, कोणी पोट आत घेऊन भिंतीला चिकटतो. आपण मधे यायला नको, एवढीच भावना. साहेबांची छत्री समोरच्याच्या अंगठ्याला असायची, आणि आजूबाजूचे सगळे असे सौजन्याने बाजूला झालेले असायचे. लेन्स इतकी रुंद, की ते बाजूला होऊनही फोटोतच असायचे. नव्हे, फोटो त्यांचाच असायचा.

"मी तर सरकलो होतो साहेब," कॅमेऱ्याच्या पडद्यावर स्वतःला पाहून एखादा म्हणायचा.

"सरकलात ना? तेच आलंय."

कडेची माणसं ह्या लेन्समध्ये जराशी ताणली जातात, कोणाचं कपाळ लांब, कोणाचा खांदा रुंद. संध्याकाळी साहेबांच्या पाठीशी ऊन असलं, की त्यांची स्वतःची सावलीही छत्रीसकट फोटोच्या तळाला पडायची. बसस्टँडजवळच्या स्टुडिओवाल्याने एकदा हसत विचारलं, सावली काढून देऊ का, दोन मिनिटांचं काम आहे. साहेब कडाडले, "मी तिथं हजर होतो! माझी हजेरी कापणारे तुम्ही कोण?"

पोलादपूरच्या स्टँडसमोरचा किस्सा मी स्वतः पाहिलेला. घाटात चाललेला एक तरुण पर्यटक रस्त्याच्या पलीकडून, हातभर लांब लेन्स लावून, करवंदं विकणाऱ्या म्हातारीचे फोटो काढत होता. तिला पत्ताच नव्हता. साहेब तरातरा गेले आणि छत्री उघडून त्याच्या लेन्सपुढे उभे राहिले.

"पाच फुटांवर या," म्हणाले. "तिला दिसा. तिला शिवी द्यायची असेल, तर तुमच्या कानापर्यंत पोचली पाहिजे."

पोरगा बिचारा ओशाळला. तेवढ्यात पलीकडून म्हातारीच ओरडली, "ए छत्रीवाल्या! तू कोन रे मधी येनारा? काडू दे की त्याला फोटू, माजी करवंदं तरी खपतील!"

साहेबांनी छत्री मिटली, रस्ता ओलांडला, म्हातारीची सगळी पाटी विकत घेतली आणि त्या पोराला तिच्यासमोर पाच फुटांवर उभं केलं. हरल्यावरही हवं तेच करून घ्यायचं, ही त्यांची जुनी खोड. घरी आम्ही आठवडाभर करवंदं खात होतो.

मग एका पावसाळ्यात पूर आला. महाडला पूर नवा नाही, पण त्या खेपेला सावित्री आणि गांधारी ह्या दोन्ही नद्यांनी मिळून तळमजला छतापर्यंत भरला. पाणी पायरीला लागलं तेव्हा साहेब पहिल्यांदा काय घेऊन माझ्या खोलीत आले? तांदळाचा डबा. त्यात लेन्स, कॅमेरा आणि सगळे फोटो साठवलेली हार्ड डिस्क. काकूंनी औषधं आणली, देव आणले. दुसऱ्या फेरीला जिना पाण्यात होता. कायद्याची पुस्तकं गेली, लग्नाचा आल्बम गेला, साहेबांचे तरुणपणाचे सगळे फोटो चिखल झाले. "बाजाराचे फोटो वर आणि लग्नाचे खाली," हे काकूंनी त्यांना पुढे आयुष्यभर ऐकवलं, आणि ह्या खटल्यात साहेबांनी बचाव मांडला नाही.

चिखल सगळ्यांच्याच घरात होता. लोक भांडी धूत होते, गाद्या फेकत होते, आणि ज्यांच्या घरातलं कोणी आधी गेलं होतं, ते फोटो शोधत होते. तेव्हा लोकांना वकीलसाहेब आठवले. ओसरीवर रोज कोणीतरी यायचं. माझा बाप तुमच्या फोटोत असंल, बगा जरा. साहेब बघायचे, सापडला की छापून द्यायचे.

पूर ओसरून बरेच महिने झाले होते, तेव्हा तुडील गावची एक बाई आली, सगळ्यांची वहिनी. तिचा नवरा महाडच्या बाजारात काकड्या विकायचा. पुराच्या चिखलात आजारी पडून गेला. वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं आणि घरात त्याचा एकही फोटो उरला नव्हता.

"आधार कारडावरचा हाय," ती म्हणाली, "पन त्यात मालक चोरावानी दिसतात. मला येक चांगला चेहरा द्या साहेब. येवडा मोटा, शेजारनीकडं हाय तसा. भितीवर लावीन, हार घालीन. आनकी काय नको मला."

साहेबांना तो लगेच सापडला. फोटोच्या मध्यभागी एक रिक्षावाला रिक्षाच्या टपावर गोणी बांधतोय. डावीकडे खजूरवाले चाचा दुकानाच्या दारात. तळाला साहेबांची सावली. आणि अगदी उजव्या कडेला हा काकडीवाला, एक पाऊल मागे सरलेला, एक हात आडवा पसरून मागची गर्दी थोपवतोय. थांबा रे, साहेब फोटो काढतायत, असं म्हणत असणार. चेहऱ्यावर हसू. लेन्सने तो हात जरा जास्तच लांब केलाय.

वहिनी बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "हे येवडे काडून द्या."

"देतो," साहेब म्हणाले, "पण कापून नाही. सबंध देतो."

मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. ती बाई हात जोडत होती आणि हे गृहस्थ मान हलवत होते. माझा संताप झाला. ती ओटा उतरली तशी मी तोंड सोडलं. "तुमचा हट्ट बाजारात दाखवा. तिला नवऱ्याचा चेहरा हवाय. द्या ना चेहरा!"

"चेहरा देतोच आहे. हातासकट देतो."

"अहो, हातासोबत रिक्षावाला येतो!"

"यायचाच. त्याच्यासाठीच तर हात आडवा केलाय." मग खालच्या आवाजात, "बाई, तो माणूस फोटोत मधे नव्हता. कडेला होता, आणि कडेला राहून त्याने अख्खी गल्ली थांबवली. त्याला उचलून मधे बसवला, मागे निळं आभाळ लावलं, तर तो कोण? शेजारणीचाही नवरा असू शकेल."

मला पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही. दुःखात असलेल्या माणसाशी तत्त्वाने वागू नये, असं मला वाटतं. पण साहेबांनी तो फोटो दाराच्या फळीएवढा छापला, चौकट करवली आणि स्वतः तुडीलला नेऊन दिला. वहिनीने घेतला. "मान्साचा मागितला, बाजाराचा दिलात," एवढंच म्हणाली.

श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षावाला आमच्या ओसरीवर हजर. आदल्या दिवशी तुडीलला भाडं घेऊन गेला होता, वहिनीकडे पाणी प्यायला डोकावला, तर भिंतीवर हा स्वतः, गोणी बांधताना, आणि गळ्यात झेंडूचा हार.

"मी जिता हाय साहेब! जित्या मान्साला हार! माजी बायको कालपास्नं जेवली नाय, पोरं मला हात लावून बगतायत!"

"हरकत रास्त आहे," साहेब म्हणाले आणि छत्री घेऊन उठले. मलाही सोबत घेतलं. वाटेत रिक्षा खजूरवाल्या चाचांकडे थांबली, कारण फोटोत तेही होते. चाचा गालातल्या गालात हसले. "आमच्यात फोटोला हार घालायची पद्धतच नाय. मला काय लागतोय तो? माझी हरकत नाय."

तुडीलला पोचलो तर स्टुडिओवाला आधीच आलेला. रिक्षावाल्यानेच त्याला बोलावलं होतं. तो वहिनीला समजावत होता, फोटोवरून फोटो घेतो, मालकांना वेगळं काढतो, छान कोट घालतो, मागे आभाळ देतो, एक पैसा नको. मी मनात म्हटलं, चला, सुटली बाई. तिला हवं होतं तेच मिळतंय. साहेब दारातच उभे राहिले.

वहिनीने विचारलं, "आनि ह्यो हात?"

"हात कसला गो वहिनी? हात जाईल. चेहरा राहील."

"जाईल?" ती फोटोला पाठ लावून उभी राहिली. "ह्या हातानं मानूस काकड्या तोलायचा. पावसात माज्या डोक्यावर ह्योच हात धरायचा. रोज उटून मी पयला ह्यो हात बगते, मग चूल पेटवते. आनि तू तो कापशील? हात लावून बग माज्या फोटूला!"

स्टुडिओवाला दोन पावलं मागे सरला. साहेबांच्या गळ्यात कॅमेरा होता, पण त्यांनी तो उचलला नाही. छत्री दोन्ही हातांनी धरून उभे होते आणि डोळे पुसायलाही हात मोकळा ठेवला नव्हता.

तोड शेवटी वहिनीनेच काढली. हार काढला, आणि चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात, नवऱ्याच्या बाजूला, सोनचाफ्याचं एक फूल खोचलं. रिक्षावाल्याने जवळ जाऊन फूल आपल्यापासून किती लांब आहे ते बघितलं आणि मगच चहा घेतला. त्यानंतर तुडीलचं भाडं मिळालं की तो वहिनीच्या दारात थांबून आत डोकवायचा. वाऱ्याने फूल मधे सरकलं तर नाही ना, याची खात्री करून जायचा.

साहेब गेले ते कोर्टातून परतताना, बाजारात, पायी. कोणी सांगतं छातीत कळ आली, कोणी सांगतं भोवळ. कोणीतरी छत्री घरी आणून दिली.

शोकसभा घराच्याच अंगणात ठेवली. बार रूमची वकील मंडळी आली, बाजार आला. टेबलावर ठेवायला फोटो हवा, आणि साहेबांचा फोटो नव्हता. जुने पुराने नेले, आणि नंतर त्यांनी कधी कोणाला कॅमेरा घेऊन पाच फुटांवर येऊ दिलं नव्हतं. स्टुडिओवाल्याने बिचाऱ्याने मनापासून मेहनत करून आधार कार्डावरून एक केला होता. काळा कोट, गुळगुळीत गाल, मागे निळं आभाळ. तो टेबलावर बघितला आणि मला रडू फुटायच्या ऐवजी राग आला. काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "हे कोण आहेत?"

मी उठले आणि तो फोटो पालथा घातला. अंगणात कुजबुज झाली. होऊ दे म्हटलं.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. मागच्या सीटवर तुडीलची वहिनी, आणि तिच्या मांडीवर आडवी, दोन्ही बाजूंनी रिक्षाबाहेर आलेली ती चौकट. रिक्षावाल्याने एका बाजूने धरली, तिने दुसऱ्या बाजूने, आणि दोघांनी ती टेबलावर भिंतीला टेकवून उभी केली. कोपऱ्यात चाफा होताच.

"ह्यात वकीलसाहेब कुठे आहेत?" बार रूमचे कोणी ज्येष्ठ म्हणाले.

वहिनीने वाकून तळाशी बोट ठेवलं. बाजारातल्या धुळीवर एक लांब सावली, खांद्यावर कोट, हातात छत्री. सगळं अंगण पुढे झुकलं. काकू उठल्या, चष्मा पुसला, जवळ जाऊन बघितलं, आणि त्या सावलीच्या खांद्यावरून हात फिरवला.

हार तयार होता. पण सावलीला हार घालायचा कसा? खाली ठेवला तर टेबलावरच पडतो. घालायचा तर चौकटीच्या वरून, म्हणजे सगळ्यांच्या गळ्यात. काकूंच्या हातात हार तसाच राहिला. एकेक करून सगळ्यांच्या नजरा रिक्षावाल्याकडे वळल्या. त्याने मान खाली घातली. मग ताठ उभा राहिला, काकूंच्या हातातला हार आपल्या हातात घेतला आणि चौकटीवरून, काकडीवाल्यावरून, खजूरवाल्या चाचांवरून, स्वतःवरून सोडला. हाराचा गोंडा बरोबर सावलीच्या छत्रीवर येऊन टेकला.

मग तो अंगणाकडे वळला आणि साहेबांनी बाजारात मारावा तसा आवाज लावून ओरडला, "मी जिता हाय! हरकत असंल त्यानं आत्ताच बोला!"

हरकत कोणीच घेतली नाही.